डाव्या बाहीचं माप

माझ्या आत्याचं खरं नाव फक्त तिच्या ओळखपत्रावर सापडेल. बाकी सगळ्यांसाठी ती टेपबाई. सकाळी तोंड धुतलं की आधी गळ्यात टेप, मग चहा. माझ्या चुलतभावाच्या लग्नातही ती तशीच उभी राहिली. फोटोत नवरानवरीच्या मागे तिच्या नव्या साडीवर पिवळा टेप लटकलेला दिसतो. वहिनी अजून त्यावरून कुरकुरते. आत्या म्हणते, "बरं झालं, नाहीतर मी आले होते हे कुणाला पटलं असतं?"

शाळेच्या मागच्या फाटकासमोर तिचं दुकान आहे. एक खोली, दोन मशीन, कापायचं लांब टेबल, पडद्यामागे कोपऱ्यात तडकलेला आरसा. गेली सव्वीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म तीच शिवते. मी काज, बटणं आणि हातशिलाई करते. बाबा गेल्यावर मी एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे आले. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या डोक्यावर मिरी वाटतो आणि एकमेकींशिवाय जेवत नाही.

आता तिची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाकीचे शिंपी काय करतात? मागच्या वर्षीच्या मापात इंचभर वाढवतात आणि कात्री लावतात. आत्या नाही तसं करत. दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी ती शाळेच्या शिवणवर्गात स्टूल टाकून बसते आणि प्रत्येक मुलाचं माप नव्यानं घेते. तिच्या जाड वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. त्यावर वर्षामागून वर्ष एकेक ओळ वाढत जाते. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची. आणि प्रत्येक युनिफॉर्मच्या शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवते, म्हणजे मूल वर्षाच्या मध्यात वाढलं तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा. "मूल वाढणारच की. ते काय आपल्याला विचारून वाढतं?" असं म्हणते.

माप घेताना ती आकडा मोठ्यानं बोलते. पोरांना वाटतं, आपल्याला बक्षीसच लागलं. "बाही साडेअठरा! अरे वा, खांबाला लटकतोस की काय रोज?" मग पोर लाजतं, हसतं, सरळ उभं राहतं. शेवटी एकच प्रश्न ठरलेला, "मागच्या वेळचा कुठे टोचत होता का?" कुणी म्हणतं कॉलर टोचते, कुणी म्हणतं बगलेत टोचतं. तेही वहीत जातं.

मिरी हे नाव तिनंच ठेवलेलं. पहिलीत आली तेव्हा ही एवढीशी पोर, पण जिभेला धार. आत्या म्हणाली कंबर बावीस, तर ही म्हणाली, "तुमची किती?" सगळा शिवणवर्ग हसला. आत्याला असली माणसं आवडतात. तेव्हापासून मिरी. तिचे वडील नाहीत. आई दुसऱ्या शहरात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते, तिथेच राहते, वर्षातून दोनदा येते. मिरी इथे काका-काकूंकडे. काका म्हणजे रंगाच्या दुकानाचे मालक. गोड बोलणं, इस्त्रीचे कपडे, शाळेच्या समितीवर. शाळेत पाण्याचं यंत्र त्यांनीच बसवून दिलं, त्यावर तशी पाटीही आहे.

गेल्या वर्षी थंडीत काकू मिरीचा फ्रॉक घेऊन दुकानात आल्या. "जरा आत घ्या. ताप येऊन गेला, अंग उतरलंय तिचं." आत्यानं घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा आल्या. आत्या बाहेर गेली होती, म्हणून मी घेतला. टीप सरळ आली म्हणून मी स्वतःवर खूशही झाले. आठ वर्षांच्या पोरीचा फ्रॉक वर्षात दोनदा लहान करावा लागतो, आणि दुकानात बसलेल्या आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात शिरलं नाही की हे उलटं चाललंय. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणतं आत घ्या, आपण आत घेतो. किती, एवढंच विचारतो. का, हे कधी विचारत नाही. ही आमची चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

मग मापाचा दिवस आला. मिरी रांगेत शेवटी उभी होती. हातात तोच जुना फ्रॉक, त्याला टाचलेली काकूंची चिठ्ठी. म्हणाली, "काकू म्हणाल्या, नवीन शिवू नका, हाच अजून एक इंच आत घ्या."

आत्यानं फ्रॉक घेतला, दुकानात न्यायच्या पिशवीत टाकला आणि टेप मिरीच्या छातीभोवती टाकला. आकडा बोलली नाही. वहीत मागची ओळ बघितली. पुन्हा टेप टाकला. मग माझा हात ओढला आणि माझं मनगट मोजलं. माझं मनगट तिला पाठ आहे, सहा इंच. टेप बरोबर होता.

उंची पाऊण इंच वाढली होती. छाती दीड इंचानं कमी. कंबर दोन इंचांनी कमी.

"हात वर कर गं."

उजवा हात वर गेला. डावा खांद्यापर्यंत येऊन थांबला. आत्यानं शिवणवर्गाच्या कोपऱ्यातला पडदा ओढला. पडद्यामागे काय बघितलं ते तिनं मला संध्याकाळी सांगितलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही. पट्ट्याला पुढे लोखंडी चौकट असते, एवढंच सांगते. पडद्याबाहेर मला फक्त तिचा नेहमीचा प्रश्न ऐकू आला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "कुठे टोचतंय?"

मग मिरीचा आवाज. "काकांना सांगू नका."

आता वेणीबद्दल सांगायला हवं. शाळेच्या मुख्याध्यापक, सगळ्यांच्या मोठ्या बाई, आमच्या आत्याची बालमैत्रीण. दोघी याच शाळेत एका बाकावर बसायच्या. त्या बाईंची तेव्हा कमरेपर्यंत वेणी होती, म्हणून आत्यासाठी त्या आजही वेणी. सातवीनंतर आजोबांचे डोळे गेले आणि आत्या मशीनवर बसली. वेणी शिकत गेली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना वेणीनं घातलेला ब्लाउज आत्यानं शिवलेला. तेव्हापासून तीस वर्षं तिचा एकही ब्लाउज दुसरीकडे शिवला गेला नाही. असं नातं होतं. आत्याचा जगात एका माणसावर डोळे मिटून भरवसा होता, आणि ती मी नव्हते.

शाळेच्या व्हरांड्यात एक फलक आहे. वर हसऱ्या मुलांचं चित्र. आत्याला आकडे पटापट येतात, अक्षरं जरा सावकाश लागतात, म्हणून तिनं मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. "घाबरू नका, सांगा. तुमचं नाव गुप्त राहील. बाल सुरक्षा समिती, अध्यक्ष मुख्याध्यापक." खाली बारीक अक्षरात आणखी बरंच काही होतं. मी म्हटलं, "झालं, म्हणजे वेणीमावशीच. चल, त्यांनाच सांगू." खालचं वाचायला मला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट मला अजून झोपू देत नाही.

आत्या मिरीसमोर गुडघ्यावर बसली. म्हणाली, "मोठ्या बाईंना सांगू या का आपण? मी बरोबर येते."

"त्या कुणाला सांगतील?"

"कुणाला नाही. माझी मैत्रीण आहे ती. लहानपणापासूनची."

"नक्की?"

"नक्की."

मिरीनं तिच्याकडे बघितलं. मग आपला हात तिच्या हातात दिला आणि दोघी ऑफिसात गेल्या. मी दाराशी उभी होते. मिरी वीस मिनिटं बोलली. मागची रंगाच्या डब्यांची खोली, तिची बाहेरून लागणारी कडी, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर मिळणारं जेवण, आईचा फोन आला की शेजारी उभ्या राहणाऱ्या काकू. वेणीमावशी रडल्या. खोटं नाही सांगत, रुमाल काढून रडल्या. मिरीच्या केसांवरून हात फिरवला. नंतर आत्याला म्हणाल्या, "तुझं नाव कुठे येणार नाही. पोरीचंही नाही. माझ्यावर सोड. फक्त मला ते आकडे लागतील, कागदावर काहीतरी हवं."

आत्यानं सव्वीस वर्षांत वहीचं एक पान फाडलं नव्हतं. एकदा एका पोरानं विमान करायला मागितलं तर त्याला तिनं दुकानातून हाकललं होतं. त्या दिवशी तिनं मिरीचं पान फाडून मैत्रिणीच्या हातात दिलं.

मिरी घरी गेली. कुठे जाणार दुसरीकडे? वेणीमावशी म्हणाल्या होत्या, दोन दिवसांत हालचाल करते, तोवर काही झालंच नाही असं दाखवा. आम्ही दाखवलं. आत्या मशीनवर बसून होती, पण दोन दिवसांत तिच्या हातून एक बाही उलटी लागली. असं मी कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर चप्पल काढून काका आत आले. चप्पल काढून, बरं का! त्यांनी कापायच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि तळहातानं सपाट केला. मिरीचं पान.

"टेपबाई, अक्षर ओळखीचं वाटलं," ते म्हणाले. "आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक युनिफॉर्मला तुमची चिठ्ठी टाचून येते ना. अर्ध्याचा आकडा तुम्ही असा शेपटी काढून लिहिता. घराघरात माहीत आहे."

आत्या जागची हलली नाही. तिनं फक्त विचारलं, "हे तुमच्याकडे कसं?"

"समितीपुढे आलं. मी समितीवर आहे." ते हसले. "पोर लहान आहे, आईवेगळी राहते, थापा मारायची सवय लागली आहे. पण समजावलं आम्ही तिला. चांगलं समजावलं. तुम्ही कपडे शिवा, टेपबाई. छान शिवता." त्यांनी कागदाची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, चप्पल घातली आणि गेले.

आत्या तशीच उठली. गळ्यात टेप, पायात घरातली सपाता. मी मागोमाग. शाळेच्या ऑफिसात ती दार न वाजवता शिरली.

"पान त्याला दिलंस?"

वेणीमावशींनी चष्मा काढला. "आधी बस."

"दिलंस का?"

"अगं, नियम आहे. कुठलीही तक्रार समितीपुढे ठेवावीच लागते. आणि समितीवर ते आहेत, त्याला मी काय करू? मी मुद्दामच त्यांच्याशी आधी खासगीत बोलले. म्हटलं, बाहेर बोभाटा नको, समजुतीनं मिटू दे. त्यांनी शब्द दिलाय मला, पुन्हा असं होणार नाही."

"शब्द तू मला दिला होतास."

"तुला कळत नाहीये. शाळेचं नाव जातं अशानं. साडेचारशे पोरांची शाळा आहे. एका पोरीसाठी—"

"पोर कुठाय?"

"बरं नाही तिला. काकांनी रजेचा अर्ज दिलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. शिपाई धावत आला एवढं आठवतं. आत्या मैत्रिणीकडे बघत हळूच म्हणाली, "मी त्या पोरीला सांगितलं होतं, तू कुणाला सांगणार नाहीस. माझ्या तोंडानं सांगितलं होतं." आणि बाहेर आली. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर बघितलं.

व्हरांड्यात ती फलकाखालच्या बाकावर बसली. मला म्हणाली, "वाच. सगळं वाच आता."

मी वाचलं. हसऱ्या मुलांच्या खाली, बारीक अक्षरांत, समितीच्या पाच जणांची नावं. तिसरं नाव काकांचं. मला तिथेच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आणि त्याच्याही खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत, धुळीनं अर्धी पुसलेली एक ओळ. मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा फोन नंबर. शाळेबाहेरचा, थेट. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, काही पुरावा आहे का? मी म्हटलं, एक पान होतं, ते त्यांच्याच खिशात आहे. वही आहे, पण त्यात आता तिचं पानच नाही. मी रडकुंडीला आले. आत्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"फ्रॉक आहे माझ्याकडे," ती म्हणाली.

मी विसरूनच गेले होते. एक इंच आत घ्यायला दिलेला तो फ्रॉक अजून दुकानातल्या खुंटीवर होता.

दुसऱ्या दिवशी मदत केंद्रातल्या अधिकारी बाई दुकानात आल्या. तरुण मुलगी, पाठीवर पिशवी, पायात बूट. मला वाटलं, ही काय करणार? आत्यानं फ्रॉक उलटा करून टेबलावर पसरला आणि शिवणीवर खडूनं खूण करत गेली. "ही पहिली टीप. ही मी घातलेली, शाळा सुरू झाली तेव्हाची. आत दोन बोटं कापड ठेवलं होतं, पोर वाढली तर सैल करायला. ही दुसरी टीप, थंडीतली. तीही मीच घातली. ही तिसरी, माझ्या भाचीनं. या बघा भोकांच्या तीन रांगा. आणि ही काकूंची चिठ्ठी, तिसऱ्यांदा आत घ्या म्हणून. त्यांच्या हातची." मग तिनं वही उघडली आणि मिरीच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांची पानं दाखवली. प्रत्येकाचा आकडा वर जात होता. "माझ्याकडे साडेचारशे पोरं आहेत, बाई. सगळ्यांचे कपडे बाहेर सोडते मी. आत घेतलेला हा एकच. आणि तो माझ्या हातानं घेतलाय."

त्या मुलीनं एकही शब्द मध्ये घातला नाही. सगळं लिहून घेतलं, फोटो काढले, फ्रॉक कागदी पाकिटात घालून आत्याची सही घेतली. जाताना म्हणाली, "सह्या करताय, तर तुमचं नाव उघड होईल. चालेल ना?"

आत्या म्हणाली, "गुप्त ठेवून काय झालं ते बघितलं ना मी."

त्याच दुपारी अधिकारी बाई दोन पोलिसांना घेऊन काकांच्या घरी गेल्या. रंगाच्या डब्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती. मिरी आत होती. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. हाड मोडून दोन दिवस होत आले होते, आणि कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. काका पान घेऊन आमच्या दुकानात आले त्याच्या आदल्या संध्याकाळचं ते. समजावलं म्हणाले होते ना, ते हे.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर सरळ बसलं असतं. पुढे कदाचित शस्त्रक्रिया करता येईल, वाढ पूर्ण झाल्यावर. मिरी काही आठवडे बालगृहात राहिली. तिची आई नोकरी सोडून आली, बालगृहाच्या फाटकाबाहेर उभी राहून रडली आणि मग कोर्टाची परवानगी मिळाल्यावर लेकीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. काकांवर खटला चालू आहे. ते जामिनावर आहेत आणि दुकानात बसतात. रंग विकतात. लोक घेतात. काय बोलायचं?

आणि वेणीमावशी? त्यांचं तर ऐकाच. महिनाभरानं वर्तमानपत्रात बातमी आली. "शाळेच्या सतर्कतेमुळे बालिकेची सुटका." सोबत मोठ्या बाईंचा फोटो, त्याच फलकाशेजारी उभ्या. फलकावरची नावांची यादी तेवढी नव्यानं चिकटवलेली होती, तिसरं नाव बदलून. अंगावर आत्यानं शिवलेला ब्लाउज.

त्या संध्याकाळी त्या स्वतः दुकानात आल्या. हातात कापड, नवीन ब्लाउजसाठी. मला वाटलं, माफी मागायला आल्या असतील, आणि ब्लाउजपीस निमित्तच असेल. त्या म्हणाल्या, "बातमीत तुझं नाव मी मुद्दाम येऊ दिलं नाही हं. वचन दिलं होतं ना तुला."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. मला वाटतं, त्यांना खरंच वाटत होतं की आपण शब्द पाळला. त्याचाच मला जास्त संताप येतो.

आत्यानं कापडाची घडी उचलली, मोडली, पुन्हा नीट घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. "तुझं माप माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

"असं काय करतेस? तीस वर्षांचं आहे."

"नाही माझ्याकडे."

त्या गेल्यावर आत्या मशीनवर डोकं टेकून रडली. पोरीसाठी नाही, पोरीसाठी तिचं आधीच रडून झालं होतं. आता ती वेणीसाठी रडत होती. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला. म्हणाली, "एका बाकावर बसायचो गं आम्ही. माझ्या पाटीवर ती लिहायची." शाळेचं काम पुढच्या वर्षापासून दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. तो मागच्या मापात इंचभर वाढवतो.

मग मिरीच्या आईचा निरोप आला. नवीन शाळेचा युनिफॉर्म शिवायचा आहे, मिरी म्हणते टेपबाईच हव्यात. आत्या निरोप ऐकून इतकी हरखली, की दोन बस बदलून जायचं होतं तर निघायच्या तासभर आधीच दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. नवी कोरी वही घेतली होती. पहिलं पान मिरीचं, रकाने आखून.

खोली लहान होती. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेले कपडे. आई चहा करायला वळली. मिरी भिंतीला पाठ लावून उभी होती. अंगानं भरली होती. डावा हात कोपराखाली जरासा बाहेर वळलेला.

आत्यानं गळ्यातला टेप काढला. मिरी म्हणाली, "थांबा. तुम्ही म्हणाला होतात, मोठ्या बाई कुणाला सांगणार नाहीत."

मला वाटलं, आत्या आता सगळं सांगेल. मैत्रीण, फलक, बारीक अक्षरं, मी न वाचलेली ओळ. सांगायला खूप काही होतं आणि त्यातलं निम्मं माझ्या माथी मारता आलं असतं.

"हो," आत्या म्हणाली. "म्हणाले होते."

"नक्की म्हणाला होतात."

"हो. चुकलं माझं. माझ्यामुळे तुझा हात मोडला."

शेगडीपाशी मिरीच्या आईचा हात थांबला. मिरी आत्याकडे बघत राहिली. ती काही म्हणेल, निदान "असू दे" म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते. नऊ वर्षांच्या पोरीनं का म्हणावं, असंही वाटत होतं. ती नाहीच म्हणाली. "कपडे तुम्ही शिवा," ती म्हणाली. "पण लिहिलेलं माझ्याकडे राहील."

"राहू दे," आत्या म्हणाली आणि नवी वही आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

मग आत्यानं माप घेतलं आणि मिरीनं भिंतीला वही टेकवून लिहिलं. छाती. वाढली होती. कंबर. वाढली होती. उंची. आत्या आकडे बोलत होती, पण थट्टा एकही केली नाही. बाहीशी आली. आमच्या वहीत बाहीला एकच रकाना असतो. सव्वीस वर्षांत हजारो पोरं झाली, पण दोन्ही हातांचं माप वेगळं घ्यावं लागलेलं एकही नाही. तिनं उजव्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. "सोळा." मग डाव्या बाजूला गेली. टेप खांद्यावर धरला, कोपरावरून नेला, मनगटाशी बोट ठेवलं आणि तिथेच थांबली. पुन्हा मोजलं. टेप बरोबर आहे का, हे बघायला या वेळी तिनं माझं मनगट मागितलं नाही.

"किती?" मिरीनं पेन्सिल धरून विचारलं.

आत्यानं टेप तसाच धरून ठेवला.

मिरीनं मान वळवून टेपवरचा आकडा स्वतः वाचला. मग रकान्याच्या मधोमध एक रेघ ओढून त्याचे दोन भाग केले आणि लिहिलं. उजवी सोळा. डावी साडेपंधरा. अर्ध्याला तिनं आत्यासारखीच शेपटी काढली.